कोणत्या कलमाखाली, साहेब?

रात्री साडेआठला काकांचा फोन आला तेव्हा माझी शेवटची भाकरी तव्यावर होती. "वकीलबाई, मले ठाण्यातून फोन आला जी. उद्या दहा वाजता मोबाइल घेऊन या म्हणे. ग्रुप बंद करा म्हणे. मी तं काहीच टाकलं नाही ना."

काका आमच्या तालुक्यात तीस वर्षं कृषी सहायक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अकरा गावांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. सहाशेच्या वर माणसं आहेत त्यात. बाजार समितीतला कापसाचा भाव, बोंडअळीचे सापळे कधी लावायचे, पाऊस, आणि पूर्वी दर हंगामात काका न चुकता टाकायचे ती सूचना: पाण्यानं पिकाचं नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवा, नाहीतर दावा बसत नाही. माझ्या माहेरच्या शेतीसाठी मीही त्या ग्रुपमध्ये आहे. म्हणून काका सांगत होते तो मेसेज मी आधीच वाचला होता.

एका पोरानं लिहिलं होतं: "आपल्या मंडळाचं नाव यादीत नाही. कंपनी अन् सरकार मिळून आपल्याले फसवून राह्यले. सोमवारी समदे तहसीलीवर चला." बस, एवढंच. खाली पन्नासेक अंगठे.

आता हा मेसेज खरा होता की खोटा? त्या दिवशी निघालेल्या पीकविम्याच्या यादीत आमच्या महसूल मंडळाचं नाव नव्हतं, हे खरं. ती यादी शेवटची नव्हती, हेही खरं. पुढे काहींच्या खात्यात पैसे आले, काहींच्या आले नाहीत. "फसवून राह्यले" हे पोराचं मत. ज्याचं दोन एकर सोयाबीन शेतातच सडलं, त्यानं ते मत ठेवायचं नाही तर कुणी ठेवायचं? म्हणजे मेसेज अर्धा खरा, अर्धा घाईचा आणि अर्धा रागाचा. बेरीज दीड होते, मला कळतं. पण गावातलं बोलणं असंच असतं आणि माझी सगळी वकिली अशाच बोलण्याभोवती चालते.

मी काकांना म्हटलं, मोबाइल घरी ठेवा, ग्रुप बंद करू नका, सकाळी साडेनऊला माझ्याकडे या. आणि लोखंडी कपाटातून एक जुनी प्लॅस्टिकची फाइल काढली. त्या फाइलमध्ये निकालांच्या प्रती असतात. माझ्या पिशवीत वकीलपत्राचे कोरे फॉर्म, कोर्ट फी स्टॅम्प आणि ही फाइल, या तीन गोष्टी नेहमी असतात. तिसरी कधीपासून आली, ते सांगायचं आहे.

२०१७ मध्ये एका तरुणाचा खटला माझ्याकडे आला होता. स्थानिक पुढाऱ्याबद्दल त्यानं फेसबुकवर काहीतरी लिहिलं होतं. दोषारोपपत्रात इतर कलमांच्या रांगेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ होतं. मी दोनदा वाचलं. हे कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं होतं. दोन वर्षांपूर्वी मेलेलं कलम घेऊन पोलिसांनी पंचनामा केला, जबाब घेतले, कोर्टात कागद लावले, आणि त्या पोराची नोकरीची पडताळणी त्यामुळे अडकली. तारखेला मी निकालाचा उल्लेख केला, तर सरकारी वकील म्हणाले, प्रत आहे का? माझ्याजवळ नव्हती. पुढची तारीख पडली. दीड महिना. प्रत नव्हती म्हणून त्या पोराचा दीड महिना गेला, आणि तो दोष माझा होता. त्या दिवसापासून फाइल पिशवीत असते.

ज्यांना ६६ अ आठवत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. २००८ च्या दुरुस्तीनं त्यात हे कलम घुसलं आणि २००९ मध्ये लागू झालं. संगणकावरून वा मोबाइलवरून "अतिशय आक्षेपार्ह" काही पाठवलं, किंवा कुणाला "त्रास" वा "गैरसोय" व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवली, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. आक्षेपार्ह कुणाला वाटायला हवं? किती त्रास म्हणजे त्रास? कायद्यात व्याख्याच नव्हती. ज्याच्या हातात काठी, त्याची व्याख्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, आणि पालघरच्या एका तरुणीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. लाइक करणारीलासुद्धा. मी तेव्हा ज्युनियर होते, बार रूममध्ये आम्ही पेपर हातातून हातात फिरवत होतो आणि आमचे सीनियर एकच वाक्य म्हणाले, "हे कलम टिकायचं नाही, पण तोवर पोरी बसल्या ना आत."

त्याच महिन्यात दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल यायला अडीच वर्षं लागली. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांचं ते खंडपीठ. नरिमन यांनी लिहिलेल्या त्या निकालातली एक गोष्ट मी प्रत्येक अशिलाला सांगते. बोलण्याच्या तीन पायऱ्या असतात: चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं, आणि चिथावणी देणं. पहिल्या दोन पायऱ्यांवर, बोलणं कितीही कडू असलं तरी, सरकारनं हात लावायचा नाही. तिसऱ्या पायरीवर कायदा सुरू होतो.

पण कलम दिल्लीत मेलं तरी ठाण्यात जिवंत राहिलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःच सांगावं लागलं की या निकालाच्या प्रती आठ आठवड्यांत सगळ्या उच्च न्यायालयांनी जिल्हा न्यायालयांना पाठवाव्यात आणि मुख्य सचिवांनी पोलिसांपर्यंत पोचवाव्यात. निकालाला चार वर्षं होत आली होती तेव्हा! २०२१ मध्ये पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना पुन्हा न्यायालयात गेली तेव्हा अकरा राज्यांत ७४५ खटले या मेलेल्या कलमाखाली चालूच होते. अॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी कारण सांगितलं ते ऐकून मला माझी २०१७ ची तारीख आठवली: कायद्याच्या पुस्तकात कलम छापलेलं दिसतं, ते रद्द झाल्याचं खाली तळटिपेत असतं, आणि अंमलदार तळटीप वाचत नाही. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठानं स्पष्ट आदेश दिला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही, चालू असतील तिथून ते कलम वगळा. सात वर्षं. तळटिपेला पानाच्या तळातून वर यायला सात वर्षं लागली.

तर सकाळी काका आणि मी ठाण्यात गेलो.

काका धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते, खिशात जुनं ओळखपत्र. बासष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेला नाही. वाटेत मी त्यांना सांगितलं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठीच्या वरच्या माणसाला साक्षीसाठीसुद्धा ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, त्यांनी तुमच्या घरी यायचं. काका म्हणाले, "घरी गाडी आली तं गावात काय राहीन आपलं?" तेही खरंच. कायदा जो सन्मान देतो तो घ्यायलासुद्धा माणसाला भीती वाटते. म्हणून आम्ही आपण होऊन गेलो.

ठाणेदार मला ओळखतात. माणूस वाईट नाही, हे मी मनापासून लिहिते आहे. पुढच्या आठवड्यात मिरवणूक, बंदोबस्ताचा तक्ता समोर पसरलेला, दोन फोन आळीपाळीनं वाजत होते. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. वर कलम १६८. पूर्वीच्या फौजदारी संहितेत हेच कलम १४९ होतं; सोशल मीडियावर लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांना, पत्रकारांना "१४९ ची नोटीस" हा शब्द चांगला माहीत आहे. जुलै २०२४ पासून आकडा बदलला, कागद तोच. नाव आणि गाव भरायला रिकाम्या जागा, आणि मधे वाक्य: आपण सदर ग्रुपचे अॅडमिन असल्याने ग्रुपवर प्रसारित होणाऱ्या प्रत्येक संदेशास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.

मी विचारलं, "साहेब, कोणत्या कलमाखाली?"

"वर लिहिलं आहे ना मॅडम. १६८."

"१६८ म्हणतं की दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी मध्ये पडावं. इथे कोणता दखलपात्र गुन्हा घडणार होता? तहसीलवर जाऊन निवेदन देणं? आणि अॅडमिनला दुसऱ्याच्या मेसेजसाठी जबाबदार धरता येतं, हे कोणत्या कायद्यात लिहिलं आहे?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वरून फॉरमॅट आला आहे मॅडम."

मी फाइलमधली प्रत काढली. मुंबई उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ, १ मार्च २०२१. न्यायमूर्ती झका हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर. प्रकरण आपल्याच विदर्भातलं, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचं. एका ग्रुपवर एका सदस्यानं एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं; पोलिसांनी अॅडमिनवरही गुन्हा नोंदवला, की त्यानं त्या माणसाला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही. उच्च न्यायालयानं अॅडमिनवरचा खटला रद्द केला. कारण साधं आहे. फौजदारी कायद्यात एकाच्या कृत्याची शिक्षा दुसऱ्याला द्यायची तर कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं, किंवा दोघांचा आधीपासून मिळून बेत होता हे दाखवावं लागतं. ग्रुप काढणं म्हणजे बेत आखणं होत नाही. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानंही असाच निकाल दिला.

ठाणेदारांनी चष्मा लावला. मी पेन्सिलीनं खूण केलेले दोन परिच्छेद त्यांनी वाचले. परत वाचले. मग त्यांनी मला जे विचारलं ते मी विसरू शकत नाही. "मॅडम, हे आमच्याकडे का नाही आलं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. गोंदियाचा निकाल नागपुरात लागतो, आणि आमच्या ठाण्यात पोचतो तो माझ्या पिशवीतून, चार वर्षांनी. बंदी घालणारा फॉरमॅट मात्र एका दुपारी सगळ्या ठाण्यांच्या व्हॉट्सअॅपवर येतो. सरकारचे आदेश आणि सरकारच्या मर्यादा, दोन्ही कायदाच आहेत. मग एकाच्या वाटेला एवढी गाडी आणि दुसऱ्याच्या वाटेला पायपीट का?

नोटीस त्यांनी परत घेतली. "काका, तुम्ही जा. फक्त लक्ष ठेवा ग्रुपवर." काकांनी हात जोडले. मला ते आवडलं नाही, पण मी बोलले नाही.

आता थोडं माझ्या मनातल्या शंकेबद्दल, कारण फक्त जिंकलेली बाजू सांगणं मला पटत नाही. २०२१ च्या त्या निकालात न्यायालयानं असं गृहीत धरलं होतं की अॅडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच आहे, मेसेजवर त्याचा ताबा नाही. ते तेव्हा खरं होतं. पण २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपनं अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली. उद्या एखादा सरकारी वकील उभा राहून म्हणेल, आता त्याला पुसता येत होतं, मग पुसलं का नाही? माझं उत्तर तयार आहे: पुसण्याची सोय कंपनीनं दिली, पुसण्याचं कर्तव्य कायद्यानं दिलेलं नाही, आणि कर्तव्य नाही तिथे गुन्हा नाही. तरी मला माहीत आहे की हा प्रश्न येणार. यंत्रातलं एक बटण बदलतं आणि निकालाखालची जमीन थोडी हलते. तंत्रज्ञानाच्या कायद्यात वकिली करणं म्हणजे हे सतत बघत राहणं.

काकांच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजवरून मला दुसरंच प्रकरण डोळ्यांपुढे येत होतं. पीकविमा ही केंद्राची योजना. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान नियमांत एक दुरुस्ती केली: केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कुठलाही मजकूर "बनावट, खोटा वा भ्रामक" आहे असं सरकारनं नेमलेल्या तथ्य तपासणी कक्षानं ठरवलं, तर सोशल मीडिया कंपन्यांनी तो ठेवू नये यासाठी प्रयत्न करायचे; नाही केले तर कायद्यानं त्यांना दिलेलं संरक्षण धोक्यात. हे संरक्षण कलम ७९ मध्ये आहे. लोक जे लिहितात त्याबद्दल कंपनीला कोर्टात खेचता येत नाही, ते या कलमामुळे. ते गेलं तर कुठली कंपनी आमच्या मंडळातल्या पोराच्या बाजूनं उभी राहील? ती पहिल्या इशाऱ्याला मेसेज काढेल. पोराला तुरुंगात टाकायची गरजच नाही, त्याचं वाक्य नुसतं नाहीसं होईल.

विचार करा. विम्याबद्दल शेतकऱ्याची तक्रार सरकारविरुद्ध. ती तक्रार भ्रामक आहे की नाही, ते ठरवणार सरकारचाच कक्ष. आमच्या तालुका कोर्टात न्यायाधीशांच्या लांबच्या नात्यातला पक्षकार निघाला तरी ते प्रकरण दुसऱ्या कोर्टात पाठवतात.

विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी हा नियम मुंबई उच्च न्यायालयात आव्हानला. ३१ जानेवारी २०२४ ला निकाल आला तो दुभंगलेला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी कायम ठेवला. गोखले यांचं मत मी नीट वाचलं; जाणूनबुजून पसरवलेल्या खोट्यापुरताच हा नियम आहे, विनोद वा टीका यात येत नाही, असं त्यांचं वाचन आहे. नियम तसाच वापरला जाईल असा भरवसा असेल तर ते मत चुकीचं वाटणार नाही. मला तो भरवसा नाही, कारण मी छापील फॉरमॅट पाहिलेले आहेत. पटेल यांनी विचारलेला एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो: तोच मजकूर कागदावर छापला तर चालतो आणि पडद्यावर आला की खोटा ठरवता येतो, हे कसं? आमच्या पोरानं तोच मेसेज फळ्यावर खडूनं लिहून ग्रामपंचायतीसमोर लावला असता, तर हा नियम तिथे पोचलाच नसता.

दरम्यान २० मार्च २०२४ ला केंद्रानं पीआयबीच्या, म्हणजे स्वतःच्याच पत्र सूचना कार्यालयाच्या, तथ्य तपासणी कक्षाची अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. दुभंगलेल्या निकालावर तिसरं मत द्यायचं काम आलं न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे. नागपुरातल्या वकिलांना हे नाव घरचं. त्यांनी तिथे वर्षानुवर्षं वकिली केली, पुढे मे २०२५ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी पटेल यांच्या मताशी सहमती दाखवली आणि नियम पडला. बोलण्याच्या हक्कात "फक्त खरंच ऐकायचा हक्क" असं काही वेगळं नाही, आणि नागरिकांना सरकारनं खरं ठरवलेलंच मिळेल याची जबाबदारी घटनेनं सरकारवर टाकलेली नाही, हा त्या मताचा गाभा.

इथे मला आकडा मोजायला आवडतो. घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर निर्बंध घालायची कारणं दिली आहेत. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. आठ. बोटांवर मोजा, सरकारबद्दल भ्रामक बोलणं त्यात सापडत नाही. आणि ही यादी वाढवायची असेल तर संसदेला घटनादुरुस्ती करावी लागते. मंत्रालयातल्या अधिसूचनेनं ती वाढत नाही. दोनदा वाढली आहे ती अशीच, १९५१ आणि १९६३ मध्ये. पहिल्यांदा असं झालं: मुंबईहून निघणाऱ्या "क्रॉस रोड्स" साप्ताहिकावर मद्रास सरकारनं प्रवेशबंदी घातली, १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी मोडली, तेव्हा १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती आली. तिनं कारणं वाढवली, पण त्याचबरोबर निर्बंध "वाजवी" असले पाहिजेत हा शब्दही घातला. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं आमचे सगळे युक्तिवाद त्या एका शब्दाला धरून उभे आहेत.

कुणी म्हणेल, बाईंना कुठलेच नियम नकोत. तसं नाही. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातली एक मुलगी आईबरोबर माझ्या घरी आली होती. रात्री दहा वाजले होते. कुणीतरी तिचा चेहरा दुसऱ्याच उघड्या शरीरावर चिकटवून इन्स्टाग्रामवर टाकला होता. मुलगी बोलत नव्हती, आईच बोलत होती, तीही भिंतीकडे बघून. २०२१ च्या नियमांत लिहिलं होतं की अशी तक्रार आली की कंपनीनं २४ तासांत ते चित्र काढायचं. नियम ३(२)(ब). मी तिच्या शेजारी बसून तक्रार लिहिली, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चित्र गेलं. मुलीनं परीक्षा दिली. तो नियम नसता तर मी काय केलं असतं, मला सुचत नाही. सरकारनं असा नियम केला याबद्दल मी सरकारची ऋणी आहे.

दोन्ही नियम एकाच पुस्तकातले. एकात नुकसान कुणाचं, किती, आणि तक्रार कोण करणार, हे स्पष्ट. सभ्यता आणि बदनामी, दोन्ही त्या आठांत आहेत. दुसऱ्यात नुकसान सरकारच्या प्रतिमेचं आणि तक्रारदार, तपासी अंमलदार, न्यायाधीश तिन्ही सरकार. हा फरक सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. त्या मुलीच्या आईला आणि काकांना, दोघांना तो कळतो.

आता नवी वाट सहयोग नावाच्या पोर्टलची आहे. कलम ७९(३)(ब) चा आधार घेऊन सरकारी यंत्रणा तिथून कंपन्यांना मजकूर काढायला कळवतात. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीनं त्याला आव्हान दिलं आणि २४ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती नागप्रसन्न यांनी, ते फेटाळलं. श्रेया सिंघल निकाल जुन्या नियमांवरचा आहे, तो इथे आणून लावता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं. मला हे पटलेलं नाही. नियम बदलले, पण कलम ७९ तेच आहे आणि घटनेतली आठ कारणंही तीच आहेत. त्यानंतर महिनाभरात केंद्रानंच नियम सुधारला: असं कळवणारा अधिकारी सहसचिव दर्जाचा हवा, पोलिसांत उपमहानिरीक्षकाच्या खाली नको, आणि कारणं लिहून द्यायची. ही सुधारणा चांगली आहे, मी ती मनापासून चांगली म्हणते. कारण लिहावं लागलं की हात थोडा थांबतो. पण ज्याचा मजकूर गेला त्या माणसाला ते कारण वाचायला मिळेल का? आमच्या पोराला कळेल का की त्याचं वाक्य कुणी, कधी, कशासाठी काढलं? दिवाणी कोर्टात शेजाऱ्याच्या बांधाचा वाद असला तरी समोरच्याला नोटीस बजावल्याशिवाय बेलिफ हलत नाही.

सोमवारी तहसीलवर साठेक माणसं आली. निवेदन दिलं, तहसीलदारांनी घेतलं, पोच दिली, सगळे जेवायच्या वेळेला घरी. काका गेले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, पोरं गेले ना. बस झालं." त्यांची भीती गेलेली नाही. ग्रुपवर आता ते स्वतः फक्त भाव आणि पाऊस टाकतात. "काळजीपूर्वक लिहा" असं दोनदा टाकलं त्यांनी. नोटीस बजावलीच गेली नाही, तरी तिनं तिचं काम थोडंसं केलंच. निकालांमध्ये याला थिजवणारा परिणाम म्हणतात. मी तो काकांच्या पांढऱ्या शर्टात बघितला.

गुरुवारी ते कोर्टात आले, तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन. फी मी घेतली नव्हती म्हणून असेल. म्हणाले, "तो नागपूरचा कागद मले पायजे. आमच्या बाजूच्या चार गावांत चार ग्रुप आहेत, त्याईलेही द्यायचा आहे. पण इंग्रजी कोण वाचते? तुम्ही खाली मराठीत लिहून द्या, दोन ओळीत, सही करून."

दुपारच्या सुट्टीत मी बार रूमच्या बाकावर बसून लिहिलं. दोन ओळींच्या सात झाल्या. खाली निकालाची तारीख, खंडपीठाचं नाव, माझी सही. मग कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. काकांनी पाच सांगितल्या होत्या. मी सहा काढल्या, आणि घरी जाताना सहावी ठाण्यात आवक-जावक टेबलावर दिली, पोच घेऊन.